हातोडा, ऐरण, रिकीब

लोथार आला होता सत्त्याऐंशीत
अडीचशे टनांचा प्रेस बसवायला,
वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा.
सहा आठवडे राहिला.
ठेच्याला घाबरला नाही, चहातल्या साखरेला घाबरला.
जाताना ठेवून गेला
एक व्हर्नियर आणि एक कॅसेट.

व्हर्नियर सुपरवायझरने उचलला.
कॅसेट मला उरली.

कव्हरवर चार पोरं, मिसरूड नुकतं फुटलेलं,
मागे कोळशाच्या खाणीचं उंच चाक.
आयझनश्टाउब.
म्हणजे लोखंडाचा कीस, लोथार म्हणाला होता.
म्हणजे तोच,
जो आई रोज संध्याकाळी माझ्या शर्टातून झटकायची.

डेक होता चेंदणीत, बावतीसकडे.
पहिलं गाणं संपायच्या आत तो म्हणाला,
"हे गाणं नाय रे, बेअरिंग गेलंय."
मेंटेनन्सचा माणूस.
मग त्यानेच कॅसेट मागे फिरवली.

ड्रमवाला स्वतःच्याच पुढे पळत होता,
गिटार ग्राइंडरला लावल्यासारखी,
आणि गाणारा
काय ओरडत होता कोण जाणे,
पण शिफ्ट सुटताना आम्हाला जे ओरडायचं असायचं
ते बहुतेक तेच.

दुसऱ्या रेकॉर्डला हात बसला होता.
वेग तोच, पण प्रत्येक घाव वेगळा मोजता यावा असा,
दोन शतांश मिलिमीटरमध्ये.
"फिनिशिंग आलं," बावतीस म्हणाला,
थोडा नाराजच.

चौऱ्याण्णवची संथ होती. नऊ-नऊ मिनिटांची गाणी,
मध्येच घंटा.
तिकडे खाण बंद पडली होती म्हणे.
मला ती मुळीच आवडली नाही,
आमच्या गेटला साखळी लागेपर्यंत.
मग आवडली.
कार्ड पंच न करता घरी परतणारी माणसं
त्याच लयीत चालतात.

नंतर त्यांनी केस कापले.
कीबोर्ड आला, ड्रमच्या जागी यंत्र आलं,
गाणारा चक्क गायला लागला!
मी कानाला खडा लावला.
सीडी पाठवली होती मस्कतहून बावतीसने,
आत चिठ्ठी:
रागावू नको. यांचीपण पोरं शाळेत जात असतील.

पुढे गाणारा सोडून गेला,
बेसवाला गाऊ लागला, जुना वेग परत आला.
पण तो वेग
गुडघे कुठे आहेत हे माहीत असलेल्या माणसाने
बस पकडावी, तसा.

आणि ही गेल्या वर्षीची.
कोलशेतच्या फ्लॅटमध्ये, हेडफोन लावून,
मी पहिल्या मिनिटालाच म्हटलं,
"झांजा काढून टाकल्यात. म्हातारे झाले लेकाचे."
केतकीने हेडफोन माझ्या डोक्यावरून काढून
स्वतःच्या कानाला लावला.
"बाबा, आहेत की. सगळीकडे आहेत."

नौपाड्यात काचेच्या खोलीत बसवलं,
आवाज आला की बटण दाबा.
मी दाबत राहिलो, आणि मग दाबायला काही येईना.
आलेखाची रेघ चार हजारांशी
येऊरच्या कड्यावरून सुटल्यासारखी खाली.
"हातोडा, ऐरण, रिकीब, सगळं ठीक आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
"आतले केस झडलेत. किती वर्षं होतात प्रेसवर?"

इतकी वर्षं माझ्या कानात लोहारकाम चालू होतं
आणि मला पत्ता नाही.

आता हिशेब लागत नाही.
त्यांचा आवाज किती बदलला, माझा कान किती.
पहिली कॅसेट लावून पाहिली:
तिच्यातही झांजा नाहीत,
पण तिथे कुठे पडतात ते मला पाठ आहे,
मीच टाकतो.

बावतीसला फोन केला. तो हसून हसून खोकला.
"मंग, मी तवाच बोल्लो होतो,
बेअरिंग गेलंय."

नव्या रेकॉर्डचं मात्र पाठ काही नाही.
म्हणून रविवारी केतकी शेजारी बसते,
एक तुकडा तिच्या कानात, एक माझ्या,
आणि माझ्या मनगटावर बोट आपटत जाते.
इथे.
इथे.
आता नाही, थांब.
इथे.